पडद्यावरचा शब्द आणि वाचकाची अमानत

'अनामत' हा शब्द मराठी माणूस सहज वापरतो. भाड्याच्या खोलीसाठी, विजेच्या मीटरसाठी, वाचनालयाच्या सभासदत्वासाठी आपण अनामत रक्कम भरतो. अरबी 'अमानत'चे हे मराठी रूप आपल्या बोलण्यात इतके मुरले आहे की त्याचे मूळ कुणाला आठवतही नाही. अर्थ मात्र टिकून राहिला. दुसऱ्याची वस्तू, विश्वासाने आपल्याकडे सोपवलेली. तिच्यावर आपला ताबा असतो, मालकी नसते. मालकाच्या मर्जीविना ती खर्चायची नसते आणि त्याने मागितली की निमूटपणे परत करायची असते.

आज अशीच एक वस्तू आपण रोज दुसऱ्याच्या हवाली करतो. ती म्हणजे आपले लक्ष. मोबाइलचा पडदा उजळला की आपली नजर, आपली दहा मिनिटे, कधी आपला राग आणि कधी आपली भीती आपण त्या पडद्यामागे बसलेल्या अनोळखी माणसाकडे सोपवतो. हर्बर्ट सायमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७१ मध्येच हे ओळखले होते. माहितीचा सुकाळ झाला की लक्षाचा दुष्काळ पडतो, असे त्याच्या म्हणण्याचे सार आहे. जे दुर्मीळ होते त्याला बाजारात किंमत येते आणि किंमत आली की त्याची लूटही सुरू होते.

आपल्या घरांतली पुष्कळ मुलेमुली आज या पडद्यासाठी लिहिण्याचे आणि मजकुराची रचना करण्याचे शिक्षण घेत आहेत. शीर्षक कसे द्यावे, बटणावर काय लिहावे, कोणता रंग कुठे वापरावा, वाचक कुठे थांबतो आणि कुठून निघून जातो, हे सारे त्यांना शिकवले जाते. रोजगार म्हणून ते चांगलेच आहे. माझा प्रश्न वेगळा आहे. ही विद्या म्हणजे नुसते कसब आहे, की तिला स्वतःची अशी एक नीती आहे? आणि त्याहून अवघड प्रश्न असा की, हेतू चांगला असेल तर वाचकाला त्याच्या नकळत वळवण्याचा अधिकार लिहिणाऱ्याला मिळतो काय?

आधी या कसबाकडे नीट पाहू. पडद्यावर माणूस पुस्तकासारखे वाचत नाही. जेकब नील्सन आणि जॉन मॉर्क्स यांनी १९९७ मध्ये संकेतस्थळांवरील वाचनाचा अभ्यास केला. त्यांना असे आढळले की ७९ टक्के लोक मजकुरावरून नुसती नजर फिरवतात, शब्दन् शब्द वाचणारे अवघे १६ टक्के. पुढे २००६ मध्ये नील्सनच्या संस्थेने २३२ जणांच्या नजरेचा मागोवा घेतला. वाचकाचे डोळे वरच्या दोन-तीन ओळींवरून आडवे जातात आणि मग डाव्या काठाने खाली घसरतात, असे त्यात दिसले. म्हणून या क्षेत्रात सांगतात की मुद्दा आधी सांगा, वाक्य छोटे ठेवा, उपशीर्षके द्या. साहित्यिकाला हे रुचणार नाही. पण यात वाचकाचा अपमान नाही. रेशन कार्डाचा अर्ज कुठे भरायचा हे शोधणाऱ्या माणसाला आपल्या प्रस्तावनेत रस नसतो. त्याला पत्ता हवा असतो, वेळ हवी असते, कागदपत्रांची यादी हवी असते.

१९९७ च्याच त्या अभ्यासात आणखी एक गोष्ट निघाली, ती मला फार मोलाची वाटते. अमेरिकेतील नेब्रास्का राज्याच्या पर्यटनाविषयीचा एकच मजकूर वेगवेगळ्या पद्धतींनी लिहून लोकांना वाचायला दिला होता. एका रूपात फक्त जाहिरातबाजीची विशेषणे काढून टाकली होती, माहिती तीच होती. तरी त्या मजकुराची उपयुक्तता २७ टक्क्यांनी अधिक भरली. निम्मे शब्द, नेटकी मांडणी आणि साधी भाषा हे तिन्ही एकत्र केले तेव्हा ती १२४ टक्क्यांनी वाढली. अभ्यासकांनी त्याचे कारणही सुचवले. अतिशयोक्ती वाचताना माणसाला खऱ्यातून खोटे निवडत बसावे लागते आणि तांदूळ निवडणाऱ्या बाईसारखा त्याचा वेळ खड्ड्यांत, म्हणजे खड्यांत, जातो. खरे बोलणे नैतिक आहे हे आपल्या वडीलधाऱ्यांनी सांगितलेच होते. ते वाचायलाही सोपे असते, हे इथे मोजून सिद्ध झाले. म्हणजे या विद्येच्या मुळाशीच सचोटीला जागा आहे. ती बाहेरून आणून चिकटवावी लागत नाही.

रचना म्हणजे सजावट, अशी आपल्याकडे एक समजूत आहे. उर्दू छपाईचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे ते असे म्हणणार नाहीत. नस्तालीक लिपी संगणकावर उतरवणे १९८१ पर्यंत साधले नव्हते. त्या वर्षी 'नूरी नस्तालीक' आली. तोवर उर्दू वर्तमानपत्रांचा मजकूर कातिब हाताने लिहीत. चेन्नईचे १९२७ मध्ये सुरू झालेले 'द मुसलमान' हे दैनिक तर त्यानंतरही कित्येक वर्षे हस्तलिखितच निघत राहिले. कातिबाची चूक म्हणजे वाचकाचा गैरसमज, हे त्या पेशात प्रत्येकाला माहीत होते. एक नुक्ता हलला की शब्द बदलतो. पुढे महाजाल आले तेव्हा अनेक उर्दू वर्तमानपत्रांनी मजकुराऐवजी पानाचे चित्रच तिथे चढवले. डोळसांची सोय झाली. पण चित्रातली अक्षरे यंत्राला मजकुरासारखी थेट वाचता येत नाहीत. अंध वाचकाला मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर तिथे मुके होते आणि शोध घेणाऱ्यालाही तो मजकूर सापडत नाही. आज मराठीत जी शुभेच्छापत्रे, निवेदने, शाळांच्या सूचना चित्रांच्या रूपात फिरतात, त्यांचेही तेच होते. चित्राला पर्यायी मजकूर जोडा, अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या रंगांत किमान साडेचारास एक एवढा फरक ठेवा, असे आंतरराष्ट्रीय निकष २००८ पासून सांगत आहेत. वरवर ही तांत्रिक बाब आहे. प्रत्यक्षात दाराशी आलेल्यांपैकी कोणाला आत घ्यायचे आणि कोणाला पायरीवर उभे ठेवायचे, याचा तो निर्णय आहे.

नावाचा रकानाच पाहा ना! ऑनलाइन अर्जात पहिले नाव, मधले नाव, आडनाव असे तीन रकाने असतात आणि तिन्ही सक्तीचे असतात. कोकणातल्या परकार, मुकादम यांना अडचण येत नाही. पण खानदेश-विदर्भाकडे 'शेख सलीम शेख इब्राहिम' अशी नावे सर्रास असतात. यातले आडनाव कोणते? पुढचे शेख की मागचे? एखाद्या आजीचे नाव नुसते 'शहनाजबी' असते, तिने आडनावाच्या रकान्यात काय भरायचे? मग कुणी टिंब देतो, कुणी वडिलांचे नाव दोनदा लिहितो. एका कागदावर 'मोहम्मद', दुसऱ्यावर 'महंमद', तिसऱ्यावर 'मो.' असे होते आणि पुढे कागद जुळत नाहीत म्हणून शिष्यवृत्ती अडते, पेन्शन अडते. हा त्रास केवळ मुसलमानांना होतो असेही नाही. कित्येक आदिवासी कुटुंबे आणि दक्षिणेकडची माणसे यातून जातात. अर्जाची रचना करणाऱ्याच्या मनात द्वेष होता, असे मी म्हणणार नाही. त्याच्या डोळ्यांसमोर एकाच प्रकारचा माणूस होता, एवढेच. परंतु ज्याच्यावर अन्याय होतो त्याला करणाऱ्याच्या मनातले काय दिसणार? त्याला दिसतो तो लाल अक्षरांतला 'चूक' हा शेरा. स्वतःचेच नाव चूक ठरणे ही लहान गोष्ट नाही.

इथे कुणी म्हणेल, आम्ही फक्त रकाने ठेवतो, भरणारा मुखत्यार असतो. हे म्हणणे टिकत नाही. एरिक जॉन्सन आणि डॅनियल गोल्डस्टाइन यांनी २००३ मध्ये अवयवदानाविषयी एक तुलना प्रसिद्ध केली. जर्मनीत संमती देणाऱ्यांचे प्रमाण १२ टक्के होते, शेजारच्या ऑस्ट्रियात ९९ टक्क्यांहून अधिक. ऑस्ट्रियाचे लोक आठपट उदार आहेत असे त्यातून सिद्ध होत नाही. एका देशात दान करायचे असेल तर तसे कळवावे लागे, दुसऱ्यात करायचे नसेल तर कळवावे लागे. बहुसंख्य माणसे काहीच कळवत नाहीत. म्हणजे रकान्यात आधीपासून खूण केलेली असो वा नसो, दोन्ही वेळा रचना करणाऱ्याने निवड केलेलीच असते. तटस्थ कोरा कागद या जगात नाही. म्हणूनच जबाबदारीतून सुटकाही नाही.

ही गोष्ट व्यापाराने फार लवकर हेरली. हॅरी ब्रिग्नल या इंग्रज रचनाकाराने २०१० मध्ये अशा फसव्या मांडण्यांना 'डार्क पॅटर्न' हे नाव दिले. आपल्या केंद्र सरकारच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अधिसूचना काढून त्यांचे १३ प्रकार निषिद्ध ठरवले. 'फक्त दोनच शिल्लक' असे खोटे सांगून घाई करणे, टोपलीत न मागितलेली वस्तू गुपचूप टाकणे, शेवटच्या पानावर किंमत वाढवणे, वर्गणी सुरू करायला एक बटण आणि बंद करायला दहा पायऱ्या ठेवणे, ही त्यांतली काही उदाहरणे. एक प्रकार तर मनाला फारच लागतो. विमा नको असेल तर ज्या बटणावर बोट ठेवायचे, त्यावर लिहिलेले असते, 'नको, मला माझ्या कुटुंबाची पर्वा नाही.' हे वाक्य कोणीतरी बसून लिहिलेले असते. ते लिहिणारा कदाचित आपल्याच गल्लीतला पदवीधर मुलगा असेल, व्याकरणात पक्का आणि शब्दांत तरबेज. त्याने कायदा मोडला की नाही हे प्राधिकरण पाहील. मला वाटते, त्याने भाषेचा विश्वासघात केला. 'नको' हा मराठीतला किती साधा आणि स्वच्छ शब्द! तो उच्चारण्यासाठी माणसाला खाली मान घालायला लावणे, हे मापात मारण्यापेक्षा कमी नाही.

यावर एक वजनदार आक्षेप येतो. शब्दांनी माणसाला वळवणे हे काही आजचे नाही. शाहिराने डफावर थाप मारून लोक पेटवले, कीर्तनकाराने रडवले, मौलवीने वाअझमध्ये श्रोत्यांना आखिरतची आठवण देऊन हादरवले. मग पडद्यावरच्या लेखकालाच का बोल लावायचा? आक्षेप खरा आहे, पण अर्धाच. शाहीर समोर उभा असतो. तो आपल्याला वळवायला आला आहे हे श्रोत्याला ठाऊक असते. आवडले नाही तर श्रोता उठून जातो, आणि आजूबाजूला बसलेले चार जणही तेच ऐकत असल्यामुळे त्यांच्याशी वादही घालता येतो. पडद्यामागचा माणूस दिसत नाही. तो प्रत्येकाला वेगळे दाखवू शकतो आणि आपण कुठे थबकलो याची नोंद ठेवून पुढचा डाव टाकतो. जानेवारी २०१२ मध्ये फेसबुकने एक आठवडाभर ६,८९,००३ लोकांच्या पानांवरचा मजकूर बदलून पाहिला. काहींना आनंदाच्या नोंदी कमी दाखवल्या, काहींना दुःखाच्या. त्यांच्या स्वतःच्या लिहिण्यावर त्याचा परिणाम होतो का हे तपासायचे होते. परिणाम झाला, फार थोडा, पण झाला. त्यांपैकी कुणालाही त्या वेळी काही सांगितले नव्हते. २०१४ मध्ये शोधनिबंध छापून आला तेव्हा जगाला कळले. शाहिराने श्रोत्याच्या काळजाला हात घातला असेल, पण तो श्रोत्याच्या देखत.

आता त्या अवघड प्रश्नाकडे येऊ. समाजासाठी काम करणाऱ्यांना हा मोह हमखास पडतो. आपल्याला काही विकायचे नाही, मुली शिकाव्यात, रक्तदान व्हावे, तलाकपीडितेला कायद्याची मदत मिळावी, एवढीच इच्छा आहे. मग त्यासाठी थोडी खोटी घाई, थोडे भडक शीर्षक, थोडी भीती वापरली तर काय बिघडले? रक्ताची एक बाटली जास्त मिळाली, कुणाचा तरी जीव वाचला, हे मोठे नव्हे काय?

मोठेच आहे. तरीही मला हा युक्तिवाद पटत नाही. कांटने १७९५ मध्ये 'शाश्वत शांती'वरील निबंधात राजकारणासाठी एक कसोटी दिली. जो हेतू जाहीर करताच फसतो, जो केवळ लपवल्यामुळेच साधतो, तो दुसऱ्याच्या हक्कावर आक्रमण करणारा असतो, असा तिचा आशय आहे. ती कसोटी इथे चपखल बसते. मजकुराखाली एक ओळ लिहून पाहावी: 'आपण हे करावे म्हणून आम्ही अमुक युक्ती केली आहे.' ही ओळ वाचल्यावरही वाचक ते काम आनंदाने करील काय? 'महत्त्वाचा मुद्दा तुमच्या सोयीसाठी वर घेतला आहे', असे सांगितले तर कुणी रागावणार नाही. 'तुम्ही घाबरावे म्हणून मुदत खोटी लिहिली आहे', असे सांगितले तर? पहिल्या युक्तीत वाचकाची वाट सोपी होते, दुसरीत त्याला पाठीमागून ढकलले जाते. दोहोंत वापरलेले कसब एकच असेल, नियत एक नाही.

शिवाय हा हिशेब एका बाटलीवर संपत नाही. 'तातडीने रक्त हवे' हा निरोप तीनदा खोटा निघाला की चौथ्या वेळी खरा असूनही कोणी उठत नाही. आपण खर्चतो तो विश्वास आपला एकट्याचा नसतो. त्याच गंगाजळीतून उद्या दुसऱ्या गरजूलाही काढायचे असते. आणि ज्या समाजाला आधीच दुसऱ्याने सांगितलेले मुकाट्याने मानण्याची सवय लावली गेली आहे, त्याला चांगल्या गोष्टीही तशाच नकळत गिळायला लावणे, याला प्रबोधन कसे म्हणावे? प्रबोधन म्हणजे जागे करणे. झोपेत कूस बदलून देणे म्हणजे जागे करणे नव्हे.

रचनेची ताकद किती आहे, हे महाराष्ट्राने रक्त सांडून पाहिले आहे. मुले पळवणारी टोळी आल्याची अफवा २०१८ मध्ये मोबाइलवरून गावोगाव फिरत होती. त्या काळात फिरलेल्या चित्रफितींपैकी एक मुळात कराचीतील बालसुरक्षेच्या जनजागृतीसाठी बनवलेली होती. तिच्या शेवटी मूल परत आणून दिले जाते आणि पालकांना सावध राहण्याचा संदेश येतो. कुणीतरी नेमका तो शेवट कापला. चांगल्या हेतूने केलेली गोष्ट, शेवटच्या काही क्षणांअभावी, माणसे मारणारी झाली. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावात भिक्षेसाठी फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारले. त्यांचा गुन्हा काहीही नव्हता. ते अनोळखी होते.

त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली आणि पुढे पाठवलेल्या निरोपावर तशी खूण उमटू लागली. एप्रिल २०२० मध्ये, वारंवार फिरलेला निरोप एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असे केले. त्यानंतर असे निरोप ७० टक्क्यांनी घटल्याचे कंपनीने सांगितले. कुणाचे मतपरिवर्तन झाले नव्हते. बोटाला फक्त थोडा अडथळा आला होता. मग मनात प्रश्न येतो की हा अडथळा आधीच का नव्हता? सगळे विनाअडथळा, भराभर, बोटाच्या एका स्पर्शात व्हावे, हीच उत्तम रचना, असे या क्षेत्रात वर्षानुवर्षे शिकवले गेले. २००६ मध्ये न संपणारे पान तयार करणाऱ्या एझा रॅस्किनने पुढे त्याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. पानाचा शेवट म्हणजे वाचकाला मिळालेली उसंत असते. पुढे वाचायचे की उठून पाणी भरायला जायचे, हे तिथे तो ठरवतो. ती उसंत काढून घेणे म्हणजे त्याची निवड काढून घेणे. कधी कधी वाचकाला अडवणे हीच त्याची सेवा असते.

मग शिकणाऱ्याने काय शिकावे? ब्रिटनच्या सरकारने २०१२ मध्ये आपली विखुरलेली संकेतस्थळे एका जागी आणायला सुरुवात केली, तेव्हा तिथल्या लेखकांनी एक साधा दंडक पाळला. 'आम्हाला काय सांगायचे आहे' हे बाजूला ठेवून 'आलेल्या माणसाला काय हवे आहे' इथून आरंभ करायचा. मराठीत या दंडकाची फार गरज आहे. आपली कित्येक सरकारी पाने इंग्रजीतून शब्दाला शब्द ठेवून उतरवलेली असतात. 'अर्ज रद्द करायचा आहे का?' असे विचारून खाली 'रद्द करा' आणि 'ठीक' अशी दोन बटणे देतात. 'रद्द करा' म्हणजे अर्ज रद्द, की रद्द करणेच रद्द? ते लिहिणाऱ्याने ते वाक्य एकदा आपल्या आईला वाचून दाखवले असते, तरी चूक ध्यानात आली असती. देवनागरीच्या वेलांट्या आणि उकार कापले जाऊ नयेत म्हणून ओळींत रोमनपेक्षा अधिक अंतर लागते, एवढेही अनेक ठिकाणी पाळले जात नाही. जोडाक्षर फुटलेले, मात्रा तुटलेली, अशी मराठी वाचताना वाचकाला वाटत राहते की हे पान आपल्यासाठी नाहीच.

आता तर शब्द जुळवणारी यंत्रे आली आहेत. एका बातमीची पन्नास शीर्षके ती क्षणात काढून देतात, आणि त्यांतले कोणते अधिक बोटे ओढते हेही मोजता येते. लिहिण्याचे कष्ट कमी झाले. निवडण्याची जबाबदारी तेवढीच राहिली, किंबहुना वाढली. पन्नासांतले जे शीर्षक सर्वांत जास्त चालते पण मजकुराशी इमान राखत नाही, ते बाजूला सारण्याची हिंमत यंत्र देणार नाही. ती शिकवणाऱ्याने शिकवावी लागेल, आणि नोकरी देणाऱ्याने सहन करावी लागेल. पोटाचा प्रश्न मी विसरत नाही. महिन्याचा पगार ज्या आकड्यांवर ठरतो, ते आकडे नाकारणे सोपे नाही. पण लाकडात वाळवी असल्याचे गिऱ्हाइकाला सांगणारा सुतार आणि दुधात पाणी न घालणारा गवळी यांनाही पोट होतेच. त्यांच्यामुळेच बाजारात 'विश्वास' या शब्दाला काही अर्थ उरला.

वाचक पडद्यासमोर बसतो तेव्हा तो आपल्याला करारपत्र लिहून देत नाही. त्याने वाचलेल्या अटींखाली 'मान्य' असे बटण असते खरे, पण त्या अटी कोणी वाचत नाही हे लिहिणाऱ्यालाही माहीत असते. खरा करार त्याच्याही आधी झालेला असतो. 'तू जे लिहिले आहेस ते तसेच आहे असे मानून मी वाचतो आहे', एवढाच तो करार. यात साक्षीदार नाही, स्टॅम्प पेपर नाही. म्हणूनच तो अमानतीचा व्यवहार आहे. वाचकाची दहा मिनिटे आपण घेतली, तर उठताना त्याच्या हातात काहीतरी असले पाहिजे: हवी ती माहिती, एखादा विचार, निदान निखळ करमणूक. आणि तो 'नको' म्हणाला, तर दार उघडून देऊन त्याला सन्मानाने जाऊ देण्याएवढा अदब आपल्या शब्दांत असला पाहिजे.